इम्प्लांट शरीरात राहतं, कंपनी राहील का?

ताई,

मी २७ वर्षांची इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. मूळची सांगलीची. पाच वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत टेस्टिंगला आहे. पुण्यातल्या सहा जणांच्या एका स्टार्टअपनं मला बोलावलंय. मेंदूतून मानेवाटे पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेला विजेचे बारीक ठोके देऊन आमवात आटोक्यात आणणारं इम्प्लांट ते बनवताहेत. पगार निम्मा, बाकीच्या बदल्यात शेअर. माझ्या आईला नऊ वर्षांपासून आमवात आहे. सकाळी तिची बोटं मिटत नाहीत, भाकरी थापणं कधीच सुटलं. आठवड्याची गोळी घेतली की मळमळतं, म्हणून मध्येच ती बंद करते. बाबांचा आधी विरोध होता, पण संस्थापकांना भेटून आले आणि आता निवृत्तीच्या पैशातले १५ लाख त्यात घालायचं म्हणतात. आई म्हणते, ‘पहिलं यंत्र माझ्यातच बसवा.’ मला जायचं आहे, पण रात्रीची झोप उडाली आहे. काय करू?

– चाकणची इंजिनिअर

*

बाळा,

तुझ्या आईचं ते वाक्य वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. चहा केला, मग पुढचं वाचलं. नऊ वर्षं दुखणं काढलेली बाई असं म्हणते तेव्हा त्यात लेकीवरचा विश्वास किती आणि दुखण्याचा कंटाळा किती, हे तिचं तिलाही सांगता येणार नाही.

आधी उत्तर देते. नोकरीला जा, पण मी खाली सांगते ते विचारून घे आणि मगच सही कर. बाबांचा एक रुपयाही त्यात जाऊ देऊ नकोस. आणि आईला या यंत्रापासून लांब ठेव.

मी छोट्या आणि मोठ्या कंपन्यांत मिळून सव्वीस वर्षं शरीरात बसवायच्या उपकरणांच्या चाचण्या केल्या. त्यातली एक छोटी कंपनी बंद पडली. पाठीच्या कण्याजवळ बसवायचं, दुखणं कमी करणारं उपकरण होतं आमचं. मोजक्या रुग्णांना बसवलं होतं. पैसे संपले, ऑफिसला कुलूप लागलं, आम्ही सगळे दुसरीकडे कामाला लागलो. रुग्णाच्या खिशातल्या ओळखपत्रावर संपर्कासाठी जो मोबाइल नंबर छापला होता, तो माझा होता. कंपनी बंद झाल्यावर सात महिन्यांनी वर्ध्याहून एका गृहस्थांचा फोन आला. ‘मॅडम, चार्जरचा दिवा लागत नाही.’ माझ्याकडे चार्जर नव्हता, कंपनी नव्हती, त्यांना पाठवायला कोणी माणूस नव्हता. एका जुन्या सहकाऱ्याच्या माळ्यावर चाचणीचा एक चार्जर सापडला, तो मी कुरिअर केला. तो चालला. पण त्यानंतर दर वेळी अनोळखी नंबर आला की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण दुसरा चार्जर कुठेच नव्हता. माझं पुढचं सगळं म्हणणं त्या फोनमधून आलेलं आहे.

तुमचं यंत्र ज्या कल्पनेवर उभं आहे ती भक्कम आहे, हे आधी सांगते. न्यूयॉर्कजवळच्या एका संशोधन संस्थेत केविन ट्रेसी या डॉक्टरांच्या गटानं २००० साली प्राण्यांवरच्या प्रयोगात दाखवलं की व्हेगस नसेला विजेनं चाळवलं की शरीरातला दाह कमी होतो. मेंदूकडून निघालेला निरोप व्हेगसमार्गे प्लीहेपर्यंत पोचतो आणि तिथल्या पेशी टीएनएफ नावाचं दाह भडकवणारं प्रथिन कमी सोडतात. आमवातावरची महागडी इंजेक्शनं बाहेरून ज्या टीएनएफला अडवतात, तेच हे. पुढे ट्रेसी यांच्याच सहभागानं सेटपॉइंट मेडिकल ही कंपनी निघाली, २००७ साली. मानेत डाव्या बाजूच्या व्हेगसवर बसणारं छोटं यंत्र, रोज एक मिनिट ठोके देणारं. औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं त्याला मान्यता दिली ती जुलै २०२५ मध्ये.

वजाबाकी कर. अठरा वर्षं. आणि ही नीट पैसा मिळालेली, नीट चाललेली कंपनी.

त्यांच्या चाचणीचा निकालही बघ, कारण तुला तिथे रोज असल्याच आकड्यांशी झगडायचं आहे. २४२ रुग्ण. सगळ्यांना शस्त्रक्रिया करून यंत्र बसवलं, पण अर्ध्यांचं यंत्र सुरू ठेवलं आणि अर्ध्यांचं बंद. बारा आठवड्यांनी ठरलेल्या मापानं गुण आला तो यंत्र सुरू असलेल्यांपैकी ३५.२ टक्क्यांना, आणि बंद असलेल्यांपैकी २४.२ टक्क्यांना. म्हणजे यंत्र गप्प असतानाही शंभरातल्या चोवीस जणांना बरं वाटलं. फरक खरा आहे, पण चमत्कार नाही. शिवाय मान्यता मिळाली ती ज्यांना नव्या औषधांनी गुण येत नाही किंवा ती औषधं सोसत नाहीत, अशा रुग्णांसाठी. संस्थापक तुझ्या बाबांना काय म्हणाले मला माहीत नाही. पण ‘औषधं कायमची सुटतील’ असं म्हणाले असतील, तर हे आकडे घेऊन त्यांच्यासमोर बस.

आता तुझ्या कामाबद्दल. चाकणला तू एफएमईए केलंस, म्हणजे पार्ट कुठे कसा बिघडेल याची आधीच यादी केलीस, बिघाडाचं मूळ शोधणारे ८डी रिपोर्ट लिहिलेस, पार्ट उणे चाळीसपासून सव्वाशे अंशांपर्यंत भाजून आणि गोठवून पाहिलेस. त्यातलं काहीही वाया जाणार नाही. अशा छोट्या जागी कल्पना सुचणारी माणसं भरपूर असतात. ‘हे कसं बिघडेल?’ असा विचार करण्याची सवय असलेलं माणूस क्वचित सापडतं. पण एक फरक अंगात मुरवून घ्यावा लागेल. गाडीतला पार्ट बिघडला तर गाडी परत बोलावून सर्व्हिस सेंटरला उभी करता येते. इथे परत बोलावणं म्हणजे माणसाची मान पुन्हा उघडणं. आणि शरीर हे बॉनेटखालच्या जागेपेक्षा जास्त खडतर आहे. ३७ अंश, खारट पाणी, चोवीस तास, दहा वर्षं. टायटॅनियमची डबी लेझरनं वेल्ड करतात, तारा बाहेर निघतात त्या सिरॅमिकच्या फीडथ्रूतून, म्हणजे हवाबंद वाटेतून, हेलियमनं गळती तपासतात. तरीही पाणी वाट शोधतं.

मी ते डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या लॅबमध्ये गरम पाण्याच्या टाकीत काचेच्या बरण्या ओळीनं ठेवलेल्या असायच्या. प्रत्येक बरणीत सलाईन, सलाईनमध्ये एक यंत्र, आणि बाहेरच्या चिकटपट्टीवर ते आत टाकल्याची तारीख. नवव्या महिन्यात एका बरणीतलं यंत्र मायक्रोस्कोपखाली धरलं तर सिलिकॉनच्या कडेखाली केसाएवढी पांढरट रेघ दिसली आणि तिच्या टोकाला पिनेवर हिरवा ठिपका. ओलावा आत शिरून धातू खात होता. यंत्र अजून व्यवस्थित चालत होतं, सगळे सिग्नल बरोबर होते. तेव्हाच्या वरिष्ठांचं म्हणणं होतं की ‘दिसण्यातला दोष’ म्हणून नोंद करू आणि पुढे जाऊ. आमच्या टीममधल्या सगळ्यात तरुण मुलीनं त्या कागदावर सही केली नाही. काम थांबलं, डिझाइन बदललं, चौदा महिने गेले. ती मुलगी त्या चौदा महिन्यांत किती बोलणी खात होती, हे मी शेजारच्या टेबलावरून ऐकत होते. तुझ्या पत्रातला ‘टेस्टिंगला आहे’ हा शब्द वाचला तेव्हा मला तीच आठवली.

वेळेचं गणित इथेच आहे. यंत्र दहा वर्षं टिकेल असं दाखवायला दहा वर्षं कोणी थांबत नाही. तापमान वाढवून झीज लवकर घडवतात. साधारण दर दहा अंशांना वेग दुप्पट, असा ठोकताळा आहे. ३७ ऐवजी ६७ अंशांवर ठेवलं तर आठपट. म्हणजे दहा वर्षांचं आयुष्य तपासायला पंधरा महिने. त्याहून जास्त तापवलं तर सिलिकॉन आणि चिकटद्रव्यं वेगळ्याच कारणानं बिघडू लागतात आणि निकालाला अर्थ उरत नाही. आता दुसरीकडे बघ. आपल्याकडे अशा कल्पनेला पहिला मोठा आधार मिळतो तो बहुधा केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेच्या ‘बिग’ अनुदानाचा: ५० लाखांपर्यंत, अठरा महिन्यांसाठी. त्यात पगार, वेल्डिंग, चिप, प्राण्यांवरचे प्रयोग, सगळं. अठरा महिन्यांच्या पैशातले पंधरा महिने एका टाकीला लागतात, आणि नवव्या महिन्यात हिरवा ठिपका दिसला तर पुन्हा शून्यापासून. छोट्या कंपन्या लबाड असतात म्हणून चुकतात असं मला कधी वाटलं नाही. घड्याळ त्यांच्या मानेवर बसलेलं असतं.

आणि यंत्र चांगलं निघालं तरी वर्ध्याच्या फोनचा प्रश्न सुटत नाही. कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट या कंपनीचं आर्गस-२ हे डोळ्यात बसवायचं इम्प्लांट बघ. ६० इलेक्ट्रोड, अंध माणसाला प्रकाशाचे ठिपके दाखवणारं. युरोपात २०११ ला मान्यता, अमेरिकेत २०१३ ला. जगभरात साडेतीनशेच्या वर माणसांनी ते बसवून घेतलं. २०१९ मध्ये कंपनीनं ते बनवणं थांबवलं आणि २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. सुटे भाग नाहीत, दुरुस्ती नाही. यंत्र बंद पडलं तर डोळ्यात नुसता धातू उरला. डोकेदुखीच्या एका भयानक प्रकारावर इम्प्लांट बनवणारी ऑटॉनॉमिक टेक्नॉलॉजीज २०१९ ला बंद झाली, तेव्हा सातशेहून अधिक लोकांच्या चेहऱ्यात तिची यंत्रं होती. ती यंत्रं लोकांना खरंच उपयोगी पडत होती. जर्मनीतला एक रुग्ण स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता म्हणून आपलं आपण दुरुस्त करत राहिला. बाकीच्यांनी काय करायचं?

याच्या उलट गोष्ट पेसमेकरची. ऑक्टोबर १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला. रुने एल्मक्विस्ट या इंजिनिअरनं बुटाच्या पॉलिशच्या डबीत इपॉक्सी ओतून तो घडवला होता. पहिला काही तासांतच बंद पडला. पण लार्सन त्यानंतर चाळीस वर्षांहून जास्त जगले, एकामागून एक पंचवीसच्या आसपास यंत्रं बदलत. ते गेले २००१ मध्ये, ८६व्या वर्षी. तोपर्यंत यंत्र बनवणारे एल्मक्विस्ट आणि ते बसवणारे सर्जन ऑके सेनिंग, दोघेही वारले होते. ज्या कंपनीनं पहिलं यंत्र केलं तिचंही नाव आणि मालक बदलत गेले: सीमेन्स, मग सेंट ज्यूड, आज अबट. लार्सन मात्र वाऱ्यावर पडले नाहीत. एक यंत्र संपलं की त्यांना पुढचं मिळत गेलं.

म्हणून मुलाखतीत तुझा पहिला प्रश्न पगाराचा नसू दे. विचार: ‘आपण बंद पडलो तर ज्यांच्या मानेत यंत्र आहे त्यांचं काय?’ आणि मग गप्प बस. त्यांना बोलू दे. यंत्र काढायच्या शस्त्रक्रियेचे पैसे बाजूला ठेवलेत का, ते कंपनीच्या रोजच्या खात्यापासून वेगळे आहेत का, की कंपनीला कर्ज देणाऱ्यांच्या हाती सापडतील? जास्तीचे चार्जर आणि यंत्राचे ठोके बाहेरून बदलणारी प्रोग्रॅमर उपकरणं शस्त्रक्रिया करणाऱ्या हॉस्पिटलकडे राहतील का? सॉफ्टवेअर आणि ड्रॉइंग तिसऱ्या कोणाकडे ठेव म्हणून देणार का? रुग्णाच्या संमतीपत्रात हे सगळं साध्या मराठीत लिहिणार का? आज त्यांच्याकडे यातलं काहीच नसेल. सहा माणसांत नसतंच. ते अपात्रतेचं लक्षण नाही. ‘हा विचार केला नव्हता, तू येऊन कर’ असं ते म्हणाले तर मी तुझ्या जागी खुशाल सही करीन. पण हसून म्हणाले की ‘तोपर्यंत आपल्याला कोणी मोठी कंपनी विकत घेईल’, तर पर्स उचल आणि चाकणची बस पकड.

त्यांची लॅबही पाहा. प्राण्यांवरचा प्रयोग झाला असेल तर त्याच्या नोंदी मागून घे. जे प्राणी दगावले त्यांच्या नोंदी सगळ्यात आधी. वैद्यकीय उपकरणांच्या दर्जाचं आयएसओ १३४८५ प्रमाणपत्र एवढ्यात नसलं तरी चालेल, पण डिझाइनमधला प्रत्येक बदल कोणी, कधी, का केला याची वही हवी. आपली चित्रा हृदयझडप आठव. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वालियाथन यांच्या गटाची आधीची तीन मॉडेलं फसली. चौथं टिकलं आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या माणसाला बसवलं. हाताशी नोंदी नसत्या तर तिसरं का मोडलं हे कळलं नसतं आणि चौथं झालंच नसतं.

पगाराच्या बदल्यात मिळणाऱ्या शेअरबद्दल फार लिहीत नाही. ते शून्य धर आणि निम्म्या पगारात घरभाडं, सांगलीला पाठवायचे पैसे, आईचं औषध भागतं का ते कागदावर मांड. भागत नसेल तर थोडा जास्त पगार माग, बदल्यात शेअर कमी घे. सहा महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस.

आता बाबा. त्यांना अडवायचं काम अवघड आहे, कारण ते प्रेमापोटी करताहेत. १५ लाख बुडतील ही भीती तर आहेच. अठरा वर्षांच्या वाटेवर निवृत्त माणसाची पुंजी कोणी लावू नये. पण मला त्याहून मोठी काळजी तुझी आहे. उद्या नवव्या महिन्यात बरणीत हिरवा ठिपका तुला दिसला, तर तो कागदावर लिहिणारी तू असशील. त्या क्षणी बाबांचे १५ लाख तुझ्या पेनावर बसलेले असतील. तू प्रामाणिक आहेस, लिहिशीलच. पण हात एकदा थरथरेल आणि तेवढंही होऊ नये. बाबांना हे असंच सांग. ‘मला तिथे मोकळेपणानं नाही म्हणता यावं म्हणून तुम्ही पैसे घालू नका.’ मुलीच्या हातात काही द्यायचंच असेल तर तुझे ते सहा महिने त्यांनी सांभाळावेत, तेवढं पुरे.

आणि आई. पहिलं यंत्र कोणात बसवायचं हे घरात किंवा त्या ऑफिसात ठरत नाही. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे केंद्रीय परवाना प्राधिकरणाची परवानगी आणि एथिक्स कमिटीची मान्यता लागते, निकष आधी लिहून ठेवलेले असतात. लेक तिथे नोकरीला असताना दिलेली संमती मोकळी मानता येत नाही, आणि कुठलीही जागरूक कमिटी हे विचारणारच. पण नियम राहू दे. यंत्रानं त्रास झाला तर ती तुला सांगेल का? तू सकाळी निघताना ‘आज कसं वाटतंय’ विचारशील आणि ती ‘बरं आहे गं’ म्हणेल. तुझ्या आईला मी ओळखत नाही, पण हे वाक्य मी ओळखते. चाचणीत असं ‘बरं आहे गं’ सगळ्यांत घातक असतं.

तिच्यासाठी आज करण्यासारखं बरंच आहे. आठवड्याची गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेटच असणार. मळमळते म्हणून ती आपल्या मनानं बंद करते आणि आजार तेवढ्या आठवड्यांत सांधे खातो, हे तिच्या संधिवाततज्ज्ञांना ठाऊक आहे का? बहुतेक नसेल, कारण बायका डॉक्टरसमोर ‘घेते’ म्हणतात. तू बरोबर जा आणि सांग. तेच औषध इंजेक्शननं देता येतं, बरोबर फॉलिक ॲसिड देतात, डोस बदलता येतो, ते न जमलं तर पुढची औषधं आहेत. काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण खरं काय चाललंय ते त्यांना कळायला हवं. नोकरीचा निर्णय कळवण्याआधी ही भेट उरकून घे. तिला सांग, तुझ्यासाठी यंत्र नाही आणणार, पण तुझ्या हाताचं काय होतं ते रोज लिहून दे. सकाळी किती वाजता बोटं मिटली, पेल्याची पकड कशी होती, कुकरचं झाकण लागलं का. डॉक्टरांना त्याचा उपयोग होईलच. आणि रुग्ण सकाळ कशी मोजतो हे त्या स्टार्टअपमधल्या सहा जणांपैकी कोणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. तुला असेल.

लॅब बघायला जाशील तेव्हा ते तुला स्क्रीनवर हिरवे ग्राफ दाखवतील, छान दिसतात. तू आधी टाकीपाशी जा आणि बरणीवरची तारीख वाच. टाकीच नसेल, तर ती कधी घेणार ते विचार आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
ताई